पदवी नसलेल्या सेविकांना बालविकासाचं प्रशिक्षण देऊन गरीब देशांत खरंच फरक पडतो का?
पडतो, पण सभागृहात बसवून स्लाइड दाखवल्याने नाही. जमैकात १९८६-८७ पासून वाढ खुंटलेल्या मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून तासभर जायच्या, सलग दोन वर्षं. टाकाऊ वस्तूंची खेळणी न्यायच्या आणि आईलाच मुलाशी खेळायला, बोलायला लावायच्या. वीस वर्षांनी या मुलांची कमाई, अशा भेटी न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली.

म्हणून प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ सरावाला द्या: सेविकेने एकदा खेळून दाखवायचं, मग खेळणं आईकडे देऊन गप्प बसायचं. (गप्प बसणंच भल्याभल्यांना जमत नाही!) पुढे पर्यवेक्षकाने अधूनमधून सोबत जायलाच हवं. खर्चाला कात्री लागते ती नेमकी इथेच.