ढोल पथकाच्या टी-शर्टवर ‘ओल्ड इंग्लिश’ अक्षर वाचताच येत नाही, फॉन्ट बदलू का?

तुम्ही विचारलंय की पथकाच्या काळ्या टी-शर्टवर, पाठीवर, इंग्रजीत ‘नाशिक’ असं जाड, टोकदार, जुन्या वळणाच्या अक्षरात हवंय. सगळी कॅपिटल घेतली तर कुणालाच वाचता येईना. खाली पथकाचं मराठी नावही त्याच स्टाइलमध्ये करायचंय.

फॉन्ट राहू द्या, कॅपिटल काढा. फक्त पहिला एन मोठा ठेवा. मी नाशिकला स्क्रीन प्रिंटिंग करतो आणि गणपतीच्या आधी ही अडचण घेऊन कुणी ना कुणी येतंच. या अक्षराचं खरं नाव ब्लॅकलेटर. त्याची सगळी ताकद छोट्या अक्षरांत आहे: सपाट टोकाच्या टाकाने ओढलेल्या जाड उभ्या रेघा, आणि दोन रेघांमधली मोकळी जागा जवळपास रेघेएवढीच. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास माइन्झला बायबल छापलं ते याच वळणात. त्याला टेक्स्चुरा म्हणतात, कारण पान विणलेल्या कापडासारखं दिसतं. छोट्या अक्षरांची ही एकसारखी वीण म्हणजे ढोलाचा ठेका. कॅपिटल अक्षरं म्हणजे ताशा. सगळ्यांनी ताशाच धरला तर ठेका राहील कुठे? म्हणूनच अक्षरांमधलं अंतरही वाढवू नका, वीण उसवते.

फ्राक्टूर, म्हणजे ब्लॅकलेटरच्याच जर्मन जातीचा फॉन्ट मात्र घेऊ नका. त्यातला मोठा ए आपल्याला यू वाटतो, मोठा एस जीसारखा दिसतो आणि छोटा के ओळखूच येत नाही. ‘नाशिक’ शेवटच्या अक्षरावर अडखळलं तर काय उपयोग?

‘हे हिटलरचं अक्षर’ असं पथकात कुणी म्हणेल. ते त्याच्या कित्येक शतकं आधीचं आहे, आणि नाझींनीच जानेवारी १९४१ मध्ये त्याचा सरकारी वापर थांबवला. न्यूयॉर्क टाइम्सचं नाव आजही याच अक्षरात छापतात.

छपाईत जपायचं ते केसासारख्या बारीक रेघांना. काळ्या कापडावर पांढरी शाई पसरते आणि आतल्या फटी बुजतात. छोटं अक्षर निदान दोन इंच उंच घ्या, बारीक रेघा कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये थोड्या जाड करा, आणि स्क्रीन बनवण्याआधी खऱ्या मापाची प्रिंट भिंतीला लावून वीस फुटांवरून वाचा.

मराठी नावाला ती इंग्रजी टोकं चिकटवू नका, ही माझी कळकळीची विनंती. देवनागरीच्या बोरूचा काप इंग्रजी टाकाच्या उलट असतो. जाड-बारीक उलट्या अंगाला पडतं. बोरूवर हात बसलेल्या कुणाकडून नाव लिहून घ्या, अक्षरं जाड आणि दाट ठेवायला सांगा, मग स्कॅन करून ट्रेस करा. दोन्ही नावं सपाट टोकाची, सारख्या काळेपणाची. एकाखाली एक शोभतात.