उवांना रॉकेल, जंतांना टर्पेंटाइन : द्यावं का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम, आम्ही परभणी जिल्ह्यात खेड्यात राहतो. माझी मुलगी 7 वर्षांची, शाळेतून डोक्यात उवा घेऊन आली. सासूबाई म्हणतात रॉकेल चोपड आणि रात्रभर फडकं बांधून ठेव, आमच्या येळी सगळ्या लेकरांना असंच करायचे. शेजारच्या मावशी म्हणतात जंत झाले की साखरेवर टर्पेंटाइनचे थेंब द्यायचे. आणि मामंजी तर रोज गुडघ्याला टर्पेंटाइन चोळतात. काय करू?

उत्तर : ताई, डोक्याला रॉकेल लावू नका. लेकराच्या डोक्याची कातडी नाजूक असते, रात्रभर फडकं बांधलं की ती भाजल्यासारखी लाल होते, फोड येतात, आणि तशीच पोरगी सकाळी चुलीपुढं शेकायला बसली तर काय होईल ते मला लिहवत पण नाही. मेडिकलवर 1 टक्का परमेथ्रिनचं लोशन मिळतं, केस धुवून पुसून लावा, 10 मिनिटांनी धुवा, मग लिखांच्या बारीक फणीनं रोज विंचरा आणि 7 ते 10 दिवसांनी परत एकदा लावा. घरात अजून कुणाच्या डोक्यात उवा असतील तर त्यांचंही त्याच दिवशी करा, नाहीतर त्या परत येतातच.

टर्पेंटाइन पोटात एक थेंब पण नको. बैलाच्या जखमेत किडे पडले की त्याचा बोळा ठेवतात ना, त्यावरून लोकांना वाटतं पोटातले जंत पण मरतील, पण त्यानं फिट येऊ शकते, किडनीला इजा होते, लहान लेकराला तर थोडंसंही जिवावर बेततं. आणि रंगाच्या दुकानातलं बऱ्याचदा चीडाच्या झाडाच्या डिंकाचं नसतंच, खनिज तेलाचं असतं, रॉकेलचंच भावंड. जंतांची अल्बेंडाझोलची गोळी शाळेत-अंगणवाडीत फुकट देतात, ती द्या. मामंजींना म्हणावं तुम्ही पण रंगाच्या दुकानातली बाटली बंद करा, गुडघ्याला मेडिकलवरचं मलम लावा आणि एकदा गुडघा दाखवून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मी नोकरीला नवीन होते तेव्हा एक दोन वर्षांचं पोरगं आलं होतं, पाण्याच्या बाटलीत ठेवलेलं रॉकेल पाणी समजून प्यायलेलं, घरच्यांनी मिठाचं पाणी पाजून उलटी करवली होती. चांगल्या मनानंच केलं होतं हो, पण रॉकेल पोटापेक्षा फुप्फुसाला जास्त घातक, पातळ असल्यामुळं उलटीबरोबर ते श्वासनळीत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. ते पोरगं आलं तेव्हा छाती आत ओढून ओढून श्वास घेत होतं, तोंडाला रॉकेलचा वास, आणि आई एकसारखी त्याची पाठ चोळत होती. चार दिवस ऑक्सिजन लागला, मग वाचलं.

म्हणून कुणी प्यायलंच तर उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका, रॉकेल सांडलेले कपडे अंगावरून काढा, 108 ला फोन करा. लेकरू खेळतंय म्हणून घरी थांबू नका, खोकला आणि दम काही तासांनी पण सुरू होतो. बाटली सोबत घ्या, कारण आपल्याकडं कापसाच्या फवारणीचं औषध पण त्याच कोपऱ्यात ठेवलेलं असतं, आणि दोन्हीचा इलाज वेगळा आहे.