पुढचं माहीत असलेल्या बाईचं प्रेम

तुम्ही लिहिलंय की तुमची बहीण रात्र-रात्र जागून ज्या कादंबऱ्या वाचते, त्यांत आजची बाई दोन-अडीचशे वर्षं मागे जाते आणि तिथल्या एखाद्या पुरुषाच्या प्रेमात पडते. आणि विचारलंय की इतिहासच वाचायचा तर ऐतिहासिक कादंबऱ्या आहेत, प्रेमकथा हवी तर आजच्या काळातल्याही आहेत, मग मध्ये ही काळ ओलांडायची उठाठेव कशाला?

मी नर्स आहे. नोकरीतली सात वर्षं छातीच्या वॉर्डात, म्हणजे मुख्यतः टीबीच्या पेशंटबरोबर गेली, आणि या कादंबऱ्या मी तिथल्याच नाइटला वाचायला लागले. दोनची इंजेक्शनं झाली की पाचच्या टेंपरेचरपर्यंत वॉर्ड शांत असतो, खोकल्याचे आवाज सोडले तर. म्हणून माझं उत्तर एका औषधापासून सुरू होतं.

'स्वामी' मी पहिल्यांदा नववीत वाचली, शाळेच्या वाचनालयातली फाटकी प्रत. रणजित देसाईंची ही कादंबरी 1962 सालची. माधवराव आणि रमाबाई यांची गोष्ट थेऊरला कशी संपणार हे मराठी वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. 18 नोव्हेंबर 1772, पेशवे अवघे सत्तावीस वर्षांचे, आजार राजयक्ष्मा, म्हणजे टीबीच, आणि रमाबाई सती जाणार. नववीत मी रडले होते. वॉर्डात असताना पुन्हा वाचली तेव्हा रडू आलं नाही, मी हिशोब करत बसले. ताप, खोकला, घटत चाललेलं वजन. डोस वजनावर ठरवायचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. माणूस हट्टी, हैदरावरच्या मोहिमेच्या घाईत गोळ्या चुकवणार. शिवाय दोन महिन्यांत बरं वाटायला लागलं की पेशंट औषध सोडून देतो, तेव्हा रमाबाईंना बाजूला घेऊन नीट समजावायला हवं. आमच्याकडेही सहा महिन्यांचा कोर्स पुरा होतो तो बहुतेक वेळा घरातलं कुणीतरी मागे लागतं म्हणूनच. टीबीवर चालणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं 1943 साली. म्हणजे थेऊरला पोहोचायला एकशे एकाहत्तर वर्षं उशीर.

हे सगळं मी पहाटे साडेतीनला, समोर पुस्तक उघडं ठेवून, अगदी मनापासून करत होते. ऐतिहासिक कादंबरी वाचताना आपल्याला पात्रांपेक्षा कितीतरी जास्त माहीत असतं आणि त्या माहितीचा काडीचा उपयोग नसतो. पान उलटण्यापलीकडे आपल्या हातात काही नाही. काळप्रवासाची कादंबरी आपल्यातल्याच एकीला, ती सगळी माहिती पदरात बांधून, आत पाठवते. तुमची बहीण ज्यासाठी जागते ते हे असावं असं मला वाटतं.

या प्रकारातली सर्वांत गाजलेली कादंबरी घ्या. डायना गॅबल्डन यांची 'आउटलँडर', 1991. क्लेअर ही दुसऱ्या महायुद्धात काम केलेली ब्रिटिश नर्स. युद्ध संपल्यावर नवऱ्याबरोबर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, इन्व्हर्नेसला येते, उभ्या दगडांच्या एका जुन्या वर्तुळात शिरते आणि 1743 सालात बाहेर पडते. तिथे तिला जेमी फ्रेझर भेटतो. आता तारखा बघा. 16 एप्रिल 1746 रोजी इन्व्हर्नेसजवळच्याच कलोडनच्या माळावर, ब्रिटिश राजाविरुद्ध बंड करून उठलेली त्या डोंगराळ मुलखातल्या घराण्यांची फौज तासाभराच्या आत चिरडली गेली. पाठोपाठ कायदे आले. हत्यारं गेली, पुरुषांना आपला चौकड्यांचा पारंपरिक वेष घालायची बंदी झाली, ती थेट 1782 पर्यंत. क्लेअरचा नवरा इतिहासाचा अभ्यासक, त्यामुळे हे तिच्या कानावरून गेलेलं आहे. ज्या माणसांच्या पंगतीत ती जेवते, ज्यांच्या जखमा बांधते, त्यांच्याकडे तीनच वर्षं उरलीत हे त्या अख्ख्या वाड्यात तिला एकटीला माहीत आहे.

आमच्या कामात असे दिवस येतात. रिपोर्ट आपण बघितलेला असतो, डॉक्टर राउंडला येऊन सांगायचे असतात, आणि तोवर पेशंट आपल्याला मुलीच्या लग्नाची तारीख सांगत असतो. आपण 'हो का, छान' म्हणतो आणि सलाइनचा थेंब बघत राहतो. क्लेअर जेमीकडे बघते तेव्हा मला तेच आठवतं. साध्या प्रेमकथेत पुढे काय होईल या धाकधुकीवर गोष्ट चालते. इथे पुढचं ठाऊक असूनही जीव लावायचा असतो, आणि त्यामुळे एकत्र जेवणं, केस विंचरणं, घोड्यावर मागे बसणं अशा बारक्या गोष्टींना वजन येतं.

पुढच्या भागात दोघं पॅरिसला जाऊन हे बंड पैशाअभावी उभंच राहू नये म्हणून धडपडतात. जमत नाही. पण पहिल्याच भागात एक छोटी जागा आहे, आणि ती माझी सगळ्यात आवडती. क्लेअर जेमीच्या बहिणीला सांगून ठेवते की शेतात बटाटे लावा. लढाईनंतर उपासमार येणार हे तिला माहीत आहे. राजा, सेनापती, तह यांतलं काही ती हलवू शकत नाही, पण एका घरानं काय पेरावं हे सांगू शकते. मी वाचून तिथेच थांबले होते. वॉर्डात आम्ही रोगाची साथ थांबवू शकत नाही, पण चौदा नंबरच्या बाईंना अंडं आणि शेंगदाणे खायला लावू शकतो.

तिसऱ्या भागात तर क्लेअर विसाव्या शतकात परत येऊन वीस वर्षं काढते, मुलगी वाढवते, शिकून सर्जन होते. जेमी कलोडनला मेला असं ती धरून चाललेली असते. तो जिवंत राहिला हे कळल्यावर 1968 साली ती पुन्हा दगडांमधून जाते, आणि सोबत नेते मुलीचे फोटो आणि पेनिसिलिन. एडिनबरामध्ये छापखाना चालवणारा जेमी तिला बघून चक्कर येऊन पडतो. पुढे तेच पेनिसिलिन त्याच्याच जखमेवर कामी येतं. पन्नाशीकडे झुकलेली बाई, पिशवीत सिरिंज घेऊन, आपल्या माणसाकडे निघालीय, हे चित्र मला दुसऱ्या कुठल्या प्रेमकथेनं दिलेलं नाही.

पण माहिती नेहमी औषधाचंच काम करते असं नाही, आणि चांगल्या लेखिका हे लपवत नाहीत. चिनी भाषेत या प्रकाराला 'च्वानयुए' म्हणतात, म्हणजे ओलांडून आरपार जाणं. त्यातली तोंग ह्वा यांची 'बू बू जिंग शिन' ही 2005 मध्ये इंटरनेटवर आली. 2011 मध्ये तिच्यावर मालिका झाली. 2016 मध्ये कोरियन लोकांनी ती आपल्या गोर्यो राजवटीत नेली, ती आपल्याकडच्या मुलींनीही सबटायटल लावून मोबाइलवर पाहिली. मूळ गोष्टीत आजची एक नोकरदार मुलगी अपघातानंतर डोळे उघडते ती कांगशी बादशहाच्या काळातल्या एका मुलीच्या देहात. गादीसाठी राजपुत्रांत चुरस लागलीय आणि चौथा राजपुत्र जिंकणार हे तिला शाळेतल्या इतिहासामुळे पाठ आहे. आधी तिचा जीव जडतो आठव्यावर. त्याला वाचवायला ती सांगून बसते की चौथ्यापासून जपून राहा. बस्स, त्या एका वाक्यापायी आठवा चौथ्याविरुद्ध डाव टाकतो, आणि त्याचं फळ म्हणून तिचा जिवलग मित्र, तेरावा राजपुत्र, कित्येक वर्षं कैदेत सडतो. हे तिला फार उशिरा कळतं. इतिहास बदलावा म्हणून बोललेला शब्दच इतिहास घडवून गेला. मी ही गोष्ट वाचून दोन दिवस अस्वस्थ होते. पेशंटला काय सांगायचं, कधी सांगायचं, न मागता सांगायचं का, हा प्रश्न आम्हाला रोजचा आहे.

मराठीला ही 'असं झालं असतं तर'ची ओढ नवी नाही. जयंत नारळीकरांनी गंगाधरपंतांना अशा जगात पाठवलं जिथे पानिपतावर विश्वासराव वाचले होते. पण ती इतिहासाच्या प्राध्यापकाची गोष्ट आहे, तिचं लक्ष लढाईच्या निकालावर आहे. तुमची बहीण वाचते त्या कादंबऱ्यांत ही ओढ एका माणसावर येऊन थांबते.

आणखी एक कारण सांगते, जे माझ्या आईला लगेच कळलं आणि मला समजायला वेळ लागला. जुन्या काळातल्या बाईच्या प्रेमकथेत तिला निवड नसते. लग्न ठरवलं जातं, मग तिथेच प्रेम उगवलं तर नशीब. काळ ओलांडून आलेल्या बाईकडे परतीची वाट असते. जेमी स्वतः क्लेअरला दगडांपाशी नेऊन सोडतो आणि जा म्हणतो. ती तिथे बसून खरोखर विचार करते. तिकडे नवरा आहे, गरम पाण्याची अंघोळ आहे, इकडे धोका आहे. मग उठते आणि उलट चालत त्याच्याकडे जाते. आईला मी हा भाग मराठीत सांगितला. तिचं लग्न सतराव्या वर्षी झालं, नवऱ्याचं तोंड मांडवात पाहिलं. ती म्हणाली, "म्हणजे तिला कुणी बसवलं नाही बोहल्यावर. ती आपली आली." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मी पण आले असते गं. विचारलं असतं तर." बाबांवर तिचा फार जीव होता.

तुमच्या 'मध्ये ही उठाठेव कशाला' याला गॅबल्डन यांच्याच अनुभवात एक उत्तर आहे. त्यांनी साधी ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतली होती, अठराव्या शतकातल्या स्कॉटलंडची. त्यांनी स्वतः सांगितलंय की स्कॉटिश पुरुषांच्या घोळक्यात एक इंग्लिश बाई आणली, तर ती तोंड उघडताच आजच्यासारखी बोलायला लागली. काही पानं त्यांनी तिला जुन्या वळणावर आणायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला आणि ती तिथे कशी आली ते नंतर शोधलं. मला हे पटतं. त्या काळातल्या माणसाला आपल्या घरातला धूर, न उकळलेलं पाणी, सुईणीचे न धुतलेले हात दिसतच नाहीत, कारण तो त्यातच जन्मलाय. बाहेरून आलेल्या बाईला दिसतात, आणि तिच्या डोळ्यांनी आपल्याला.

आता एक गोष्ट मनात सलते, ती सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. या कादंबऱ्यांत पुष्कळदा जुन्या काळातली जबरदस्ती प्रेमाच्या नावाखाली पोटात घातली जाते. जेमी क्लेअरला एकदा पट्ट्यानं मारतो. त्या काळाची रीत म्हणून ते आलंय हे समजतं, तरी मला ते पान अजून खटकतं. आणि त्याहून मोठा प्रश्न, परत कुणाला जाता येतं? ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेनं 1979 मध्येच 'किंड्रेड' लिहिली. तिची नायिका 1976 सालच्या लॉस एंजेलिसमधून गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये खेचली जाते, आणि तिला जिवंत ठेवावा लागतो तो गुलामांचा मालक, कारण तो तिचा पूर्वज आहे. ती प्रेमकादंबरी नाही, होऊच शकत नाही.

ती वाचल्यावर मी माझ्या थेऊरच्या हिशोबाकडे परत आले. माझे पणजोबा गावकुसाबाहेर राहायचे. सहा महिन्यांची औषधं घेऊन मी 1772 सालच्या थेऊरला पोहोचले असते, तर वाड्याच्या कुठल्या दारापर्यंत मला येऊ दिलं असतं? माझ्या हातची गोळी कुणी घेतली असती? नऊवारी नेसून भाषा सांभाळली असती, तरी कुळ विचारलंच असतं. अनेक रात्री मी हा प्रसंग मनात पुन्हा पुन्हा लिहून पाहिला. गोळ्यांची पिशवी बाहेरच्या दीपमाळेपाशी ठेवते, लांबून ओरडून सांगते, कुणी ऐकत नाही. एकदाच तो जमला. त्यात रमाबाई स्वतः बाहेर येतात, पिशवी उचलतात आणि विचारतात, रोज किती वाजता द्यायच्या.

म्हणून अशा कादंबऱ्या वाचणं मी सोडलं नाही. मराठीत कुणी असं लिहिलं, आणि आत जाणारी बाई कोण आहे हे विसरलं नाही, तर मी पहिली प्रत घेईन.

तुमच्या बहिणीला का आवडतात हे मात्र तीच सांगू शकेल. 'का वाचतेस' असं विचारू नका, त्यात आरोप ऐकू येतो. तुला कुठल्या सालात जायचंय आणि सोबत काय नेशील, एवढंच विचारा. मी विचारलं तेव्हा आमच्या वॉर्डातल्या आयाबाई क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, त्यांच्या आजीच्या बाळंतपणाला, आणि सोबत नवं ब्लेड अन् उकळलेला दोरा.