वाचकांचे प्रश्न : ऑर्काचे कुटुंब आणि त्याच्यावरची संकटे

सागरी सस्तन प्राण्यांविषयी आलेल्या पत्रांमध्ये या वेळी ऑर्का, म्हणजेच किलर व्हेल, या प्राण्यासंबंधीचे प्रश्न सर्वाधिक होते. त्यांतील काही निवडक प्रश्न येथे घेतले असून, ज्या विषयाला विस्तार हवा होता तेथे जागेची काटकसर केलेली नाही.

प्रश्न : शिकेरीहून होडीने डॉल्फिन पाहून आल्यावर माझ्या वर्गातील मुलांनी विचारले, की ऑर्का हाही डॉल्फिनच असेल तर तो आपल्याकडे का दिसत नाही? तो माणसावर हल्ला करतो का?
— एक शिक्षिका, म्हापसा

उत्तर : ऑर्का हा डॉल्फिनच, ही मुलांची माहिती बरोबर आहे. त्या कुळातील हा सर्वांत मोठा प्राणी असून पूर्ण वाढलेला नर ८ ते ९ मीटर लांबीचा असू शकतो आणि त्याच्या पाठीवरचा पर १.८ मीटरपर्यंत उंच होतो. मुलांनी पाहिला तो बहुधा हंपबॅक डॉल्फिन असावा. मांडवी-झुवारीच्या मुखाशी आणि किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात वावरणारी ही जात आहे, आणि तीही जागतिक पातळीवर संकटग्रस्त ठरलेली आहे, हे मुलांना अवश्य सांगावे.

ऑर्का अरबी समुद्रात नाहीत असे नव्हे. उत्तर हिंदी महासागरात त्यांच्या नोंदी आहेत, आणि श्रीलंकेच्या किनाऱ्याजवळ स्पर्म व्हेलच्या कळपावर त्यांनी हल्ला केल्याचे २०१३ मध्ये पाहिले गेले आहे. मात्र उष्ण समुद्रात त्यांचे अन्न विखुरलेले असल्याने ते लहान गटांनी फार मोठ्या टापूत फिरतात आणि किनाऱ्याजवळ क्वचितच येतात. मोकळ्या समुद्रातील ऑर्काने माणसाचा जीव घेतल्याची एकही नोंद नाही. माणसे मेली आहेत ती बंदिस्त तलावांत, करमणुकीच्या खेळांसाठी डांबून ठेवलेल्या ऑर्कांकडून. भारताने २०१३ मध्ये डॉल्फिनच्या खेळांची केंद्रे उभारण्यास परवानगी नाकारली, तो निर्णय मला अत्यंत योग्य वाटतो.

प्रश्न : ऑर्काच्या कळपाचे नेतृत्व म्हातारी मादी करते असे वाचनात आले. यात शास्त्रीय तथ्य किती आणि कौतुकापोटी केलेली अतिशयोक्ती किती?
— एक निवृत्त ग्रंथपाल, फोंडा

उत्तर : तथ्य बरेच आहे, आणि ते हाती येण्यामागे पन्नास वर्षांची चिकाटी आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर मायकेल बिग या संशोधकाने १९७० च्या दशकात असे दाखवून दिले, की पाठीच्या परावरील खाचा आणि त्यामागचा करडा पट्टा यांवरून प्रत्येक ऑर्का स्वतंत्रपणे ओळखता येतो. तेव्हापासून तेथील कळपांची वर्षानुवर्षे छायाचित्रे घेतली गेली. कोण कोणाचे पिल्लू, कोण कधी जन्मले, कोण कधी दिसेनासे झाले, याची जणू वंशावळच तयार झाली.

त्या नोंदींतून जे दिसले ते सस्तन प्राण्यांत विरळ आहे. त्या किनाऱ्यावरील मासेखाऊ ऑर्कांमध्ये मुलगे आणि मुली दोघेही जन्मभर आईच्या सोबत राहतात. नर इतर कळपांतील माद्यांशी समागम करतो आणि पुन्हा आईकडे परततो. मादीचे प्रजनन साधारण चाळिशीच्या सुमारास थांबते, परंतु त्यानंतरही ती कित्येक दशके जगू शकते. ८० वर्षांच्या आसपास पोहोचलेल्या माद्याही आहेत. स्वतःला पिल्ले होणे थांबल्यावर इतके आयुष्य निसर्गाने तिला का द्यावे, हा प्रश्न संशोधकांनी हाती घेतला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, की तीस वर्षांहून मोठ्या नराची आई वारली तर पुढच्या वर्षभरात त्याचा मृत्यू होण्याची शक्यता सुमारे १४ पटींनी वाढते. २०१५ च्या अभ्यासाने दाखवले, की सॅल्मन मासे कमी असलेल्या वर्षी या वयस्क माद्या कळपाच्या अग्रभागी अधिक राहतात. मासे मुबलक असतात तेव्हा कोणीही पुढे चालले तरी भागते. तुटवड्याच्या वर्षी मात्र कोणत्या खाडीत, कोणत्या नदीच्या मुखाशी मासा सापडू शकेल, हे ज्यांनी पूर्वीचे दुष्काळ पाहिले आहेत त्यांनाच ठाऊक असते.

हे नाते जवळून पाहायचे तर शिकारीचा एक प्रसंग घ्यावा. मादी खोल पाण्यात सूर मारते, प्रतिध्वनीच्या साहाय्याने माशाचा माग काढते आणि चिनूक जातीचा मोठा सॅल्मन तोंडात धरून वर येते. ती तो एकटी गिळत नाही. दातांनी फाडून त्याचा वाटा ती आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या, पूर्ण वाढलेल्या मुलासाठी पाण्यात सोडते. २०२३ मधील एका अभ्यासानुसार मुलगा सांभाळणाऱ्या मादीला पुढचे पिल्लू होण्याची शक्यता दर वर्षी जवळजवळ निम्म्याने घटते. इतकी किंमत मोजूनही ती त्याला भरवत राहते.

प्रत्येक कळपाची बोलीही वेगळी असते आणि पिल्ले ती मोठ्यांकडून शिकतात. खाण्याच्या रीतीही अशाच शिकलेल्या असतात. नॉर्वेच्या खाड्यांमध्ये ऑर्का हेरिंग या माशांचा थवा चोहोबाजूंनी घेरून, त्याचा घट्ट गोळा करून, शेपटीच्या फटक्याने मासे बधिर करतात. आर्जेंटिनातील वाल्देस द्वीपकल्पावर ते सी-लायनच्या पिल्लांसाठी लाटेबरोबर थेट वाळूवर चढतात. अंटार्क्टिकात काही ऑर्का रांगेने एकाच वेळी हिमखंडाच्या दिशेने झेपावतात आणि उठलेल्या लाटेने त्यावरचा सील पाण्यात ओढला जातो. न्यूझीलंडमध्ये ते तळाच्या वाळूतून पाकट उकरून काढतात. कॅनडाच्या ज्या पाण्यात मासेखाऊ ऑर्का राहतात तेथेच केवळ सील, पॉरपॉइझ असे सस्तन प्राणी खाणारेही राहतात, आणि त्या दोघांत रोटीव्यवहार नाही की बेटीव्यवहार नाही.

म्हणूनच 'ऑर्का जगातील सर्व महासागरांत आढळतो' या वाक्यावर समाधान मानणे मला धोक्याचे वाटते. जगाच्या पाठीवर ऑर्का पुष्कळ असतील, पण एखाद्या किनाऱ्यावरचे कुळ संपले तर शेजारचे कुळ येऊन त्याची जागा घेत नाही. त्याला तेथील मासा माहीत नसतो आणि तेथील वाटाही माहीत नसतात.

प्रश्न : स्पेनजवळ ऑर्का बोटी बुडवतात असे व्हिडिओ फिरत आहेत. आमच्या पर्यटक होड्यांना असा धोका संभवतो का?
— एक होडीमालक, पाळोळे

उत्तर : नाही. हा प्रकार स्पेन आणि पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या परिसरात राहणाऱ्या एका छोट्या समूहापुरता आहे. २०२० पासून हे ऑर्का शिडाच्या नौकांच्या सुकाणूला धक्के देऊ लागले. अनेक सुकाणू मोडली आणि काही नौका बुडाल्याही. त्यांचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांना यात सूडबुद्धी दिसत नाही. विशेषतः पोरसवदा ऑर्कांमध्ये पसरलेला हा खेळ असावा असे त्यांचे मत आहे. अशा लहरी यापूर्वीही दिसल्या आहेत. १९८७ मध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर मेलेला सॅल्मन डोक्यावर घेऊन पोहण्याची टूम निघाली होती, ती काही आठवड्यांनी विरली. नौकेवरच्या माणसांची भीती मी क्षुल्लक मानत नाही, पण हा समूह जेमतेम ४० च्या घरातला असून अतिसंकटग्रस्त आहे आणि तो ज्या ब्लूफिन ट्यूनावर जगतो तो मासा माणसानेच एके काळी बेसुमार पकडला होता, ही दुसरी बाजू त्या व्हिडिओंमध्ये येत नाही.

आपल्या होड्यांबाबत काळजी करायची ती उलट दिशेने करावी. त्याविषयी पुढील उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न : मेलेले पिल्लू १७ दिवस वाहून नेणाऱ्या ऑर्का मादीची बातमी वाचल्यापासून अस्वस्थ आहे. आज त्यांची कोणी शिकार करत नसेल, तर पिल्ले का मरतात?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, वास्को

उत्तर : ती मादी म्हणजे जे-३५, जिला तालेक्वा या नावाने ओळखतात. २०१८ च्या जुलैमध्ये तिचे पिल्लू जन्मानंतर अर्ध्या तासाच्या आसपास मरण पावले आणि तिने ते डोक्यावर तोलत, बुडू लागले की पुन्हा सूर मारून वर आणत, सुमारे १६०० किलोमीटर वाहिले. २०२४ च्या अखेरीस तिला झालेले पिल्लूही जगले नाही आणि तिने तेही असेच वाहिले. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरील ज्या समूहातली ती आहे त्यात आज केवळ ७४ च्या आसपास ऑर्का उरले आहेत. १९९५ मध्ये ते ९८ होते.

या समूहाची पहिली हानी उघडउघड माणसाच्या हातून झाली. १९६० आणि १९७० च्या दशकांत मत्स्यालयांसाठी त्यातील ४५ ते ५० ऑर्का पकडले गेले किंवा पकडताना मेले, आणि त्यांत पिल्लांचे प्रमाण मोठे होते. १९७० च्या ऑगस्टमध्ये पेन कोव्ह येथे स्फोटके आणि वेगवान बोटी वापरून कळपांना जाळ्यात कोंडण्यात आले. जाळ्यात अडकून मेलेल्या पिल्लांची पोटे फाडून, त्यांत दगड भरून ती तळाशी बुडवली गेली, पण पुढे ती किनाऱ्याला लागलीच. त्या दिवशी नेलेली एक मादी पन्नासहून अधिक वर्षे फ्लोरिडातील तलावात राहून २०२३ मध्ये मरण पावली. जी पिल्ले गेली, ती पुढच्या दशकांत प्रजननक्षम आई-बाप झाली असती.

आजचे मुख्य कारण उपासमार हे आहे. या ऑर्कांचा मुख्य आहार चिनूक सॅल्मन, आणि नद्यांवरील धरणे, अतिमासेमारी व तापत चाललेले पाणी यांमुळे तो मासा संख्येनेही घटला आणि आकारानेही. उपासमारीचा पुरावा मिळवण्याची पद्धत विलक्षण आहे. प्रशिक्षित कुत्रा होडीच्या नाळेवर उभा राहतो, वाऱ्यावरून ऑर्काच्या विष्ठेचा वास त्याला लागला की तो ज्या बाजूला झुकतो त्या बाजूला होडी वळवतात, आणि विष्ठा बुडून जाण्यापूर्वी जाळीने उचलतात. त्यातील संप्रेरकांवरून मादी गाभण आहे का आणि ती उपाशी आहे का, हे दोन्ही कळते. २००८ ते २०१४ या काळातील अशा नमुन्यांवरून २०१७ मध्ये निष्कर्ष निघाला, की या समूहातील ६९ टक्क्यांपर्यंत गर्भधारणा वाया जात होत्या. ऑर्काच्या गर्भधारणेचा काळ १५ ते १८ महिन्यांचा असतो आणि दोन पिल्लांत बहुधा काही वर्षांचे अंतर असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळेल.

उपाशी प्राणी अंगची चरबी वापरू लागतो आणि तेथूनच दुसरे संकट सुरू होते. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर यांच्या तेलात पीसीबी नावाची रसायने एके काळी सर्रास वापरली जात. अमेरिकेने १९७९ मध्ये त्यांच्या उत्पादनावर बंदी घातली, परंतु ती सहजासहजी विघटित होत नाहीत. लहान माशातून मोठ्या माशात, त्यातून सीलमध्ये आणि शेवटी ऑर्काच्या चरबीत ती साठत जातात. त्यांमुळे प्रजननक्षमता आणि रोगप्रतिकारशक्ती दोन्ही खालावतात. आई ही रसायने दुधावाटे पिल्लाला देते, आणि सर्वाधिक भार पहिल्या पिल्लावर पडतो. २०१६ च्या जानेवारीत स्कॉटलंडच्या टायरी बेटावर मृतावस्थेत सापडलेल्या लुलू नावाच्या मादीच्या चरबीत पीसीबीचे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या शंभर पटींहून अधिक होते. तिला आयुष्यात एकही पिल्लू झाले नसल्याचे तपासणीत दिसले. २०१८ मधील एका अभ्यासाने तर जगातील निम्म्याहून अधिक ऑर्का समूहांचे भवितव्य या रसायनांमुळे धोक्यात असल्याचा इशारा दिला. शिकारीवर बंदी घालता येते, पण चरबीत साठलेले विष काढून घेता येत नाही, म्हणून मला हे संकट सर्वांत भयंकर वाटते.

तेलगळतीही विसरता येत नाही. अलास्कात १९८९ मध्ये एक्सॉन वाल्डेझ या जहाजातून सांडलेल्या तेलानंतर तेथील २२ ऑर्कांच्या एका समूहातील ९ नाहीसे झाले. त्या समूहात तेव्हापासून एकही नवे पिल्लू जन्मलेले नाही.

तिसरी गोष्ट आवाजाची. ऑर्का कानांच्या बळावर शिकार करतो आणि जहाजांच्या यंत्रांचा आवाज तीच वाट अडवतो. होड्या साधारण ३६० मीटरपेक्षा जवळ आल्या की माद्या शिकार सोडून देण्याची शक्यता वाढते, असे तालेक्वाच्याच समूहाच्या अभ्यासात आढळले. वॉशिंग्टन राज्याने २०२५ पासून या ऑर्कांपासून सुमारे ९०० मीटर अंतर ठेवणे होड्यांना बंधनकारक केले आहे. पाळोळ्याच्या होडीमालकांनी हेच आपल्या डॉल्फिनच्या संदर्भात वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कळपाचा पाठलाग करणे, चोहोबाजूंनी होड्या लावून त्याला मध्ये कोंडणे, पिल्लू असलेल्या मादीच्या वाटेत आडवे जाणे, हे पर्यटकांच्या समाधानासाठी रोज घडते, आणि तेथील डॉल्फिनही प्रतिध्वनीवरच जगतो.

प्रश्न : आम्ही ट्रॉलरने खोल समुद्रात जातो. कधी ऑर्का दिसला किंवा एखादा डॉल्फिन, देवमासा किनाऱ्याला लागलेला आढळला तर काय करावे?
— एक मच्छीमार, बेतूल

उत्तर : किनाऱ्याला लागलेला प्राणी जिवंत असेल तर त्याला शेपटीला धरून ओढू नये, आणि घाईने पाण्यात लोटूही नये, आजारी किंवा दमलेला प्राणी बहुधा पुन्हा किनाऱ्याला लागतो. वन विभागाला आणि किनाऱ्यावरील जीवरक्षकांना त्वरित कळवावे. ते येईपर्यंत प्राण्याच्या अंगावर ओले कापड घालून त्याची कातडी भिजती ठेवावी, उन्हापासून सावली करावी, डोक्यावरचे श्वसनछिद्र मात्र उघडे ठेवावे आणि त्यात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये. गर्दी आणि कुत्री दूर ठेवावीत. मृत प्राण्याचीही खबर द्यावी, कारण त्याच्या तपासणीतून मृत्यूचे कारण कळू शकते. हे सर्व प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत.

खोल समुद्रात ऑर्का दिसल्यास इंजिन मंद करावे, त्यांच्या मागे जाऊ नये, आणि शक्य असेल तर पाठीच्या पराचे आणि त्यामागील करड्या पट्ट्याचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढावे. सोबत तारीख, वेळ, जीपीएसवरील स्थान, किती प्राणी होते, त्यांत पिल्ले होती का आणि ते काय खात होते, हे लिहून ठेवावे. आपल्या समुद्रातील ऑर्कांची माहिती इतकी अपुरी आहे, की ट्रॉलरवरून मोबाईलने काढलेले, परावरची खाच स्पष्ट दाखवणारे एखादे छायाचित्रही संशोधकांना उपयोगी पडते. तोच प्राणी पुढे श्रीलंकेजवळ किंवा अरबी समुद्राच्या दुसऱ्या टोकाला दिसला तर त्या खाचेवरून तो ओळखता येतो.