मालिकेत 'ते सगळं स्वप्न होतं' असं निघालं की आपण एवढे का चिडतो?

मालिकांमधले स्वप्नाचे भाग बहुतेकांना फसवणूक का वाटतात आणि हा लेखकांचा आळस समजायचा का, असं तुम्ही विचारलंय. आळस कधीकधी असतोच, पण नेमानं मालिका बघणारा माणूस घटनेपेक्षा तिच्या परिणामांसाठी बसलेला असतो. सुनेनं खोटं सांगितलं, आता ते कधी उघडं पडणार? कोण कुणाच्या बाजूनं उभं राहणार? स्वप्न निघालं की घटना जाते आणि तिच्यामागं केलेली आपली काळजीही फुकट जाते.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत शेजारच्या काकू साडेआठच्या मालिकेच्या पक्क्या प्रेक्षक. मध्यंतरी प्रोमोत नायिका सासूच्या कानाखाली जाळ काढताना दाखवली. काकूंनी त्या दिवशी कुकर आधीच लावून ठेवला, मलाही बोलावलं. थप्पड बसली, तीन बाजूंनी तीनदा दाखवली, घरातल्या प्रत्येकाच्या तोंडावर कॅमेरा गेला आणि नायिका दचकून अंथरुणात उठून बसली. काकू म्हणाल्या, "म्हणजे मारलीच नाही? मग उद्या परत चहा नेऊन देणार का तिला?" दिलाच.

काकूंचं ते वाक्य म्हणजे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. रोजच्या मालिकेला प्रोमोसाठी सतत काहीतरी स्फोटक लागतं. पण सुनेनं सासूला खरंच मारलं तर पुढच्या सहा महिन्यांची गोष्ट बदलावी लागेल. स्वप्नात स्फोट होतो आणि घर शाबूत राहतं. टीआरपीची सोय होते, प्रेक्षकांच्या तोंडाला मात्र पानं पुसली जातात.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकन. 'डॅलस' मालिकेत बॉबी यूइंग मे १९८५ मध्ये मेला, कारण पॅट्रिक डफी या नटानं मालिका सोडली होती. वर्षभरानं त्याला परत आणायचं ठरलं. मे १९८६ मध्ये त्याची आधीची बायको पॅम हिला जाग येते, तर बॉबी न्हाणीघरात शॉवर घेतोय! पुढं खुलासा असा की मधला अख्खा सीझन, ३१ भाग, पॅमचं स्वप्न. गंमत म्हणजे 'डॅलस'मधूनच निघालेल्या 'नॉट्स लँडिंग' या मालिकेनं हे मानलंच नाही. तिथं बॉबी मेला तो मेलाच. एका मालिकेत जिवंत, दुसरीत मयत. लोक चिडणार नाहीत तर काय करतील?

पण स्वप्न दाखवणंच चूक, हे मला पटत नाही. 'द सोप्रानोज'च्या दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग (२००० सालचा) बघा. गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या टोनी याचं पोट बिघडलंय, तापात त्याला स्वप्नं पडतायत. बाजारात बर्फावर मांडलेला मासा त्याच्या मित्राच्या आवाजात बोलतो: मी पोलिसांना फितूर आहे. टोनीच्या मनात हे कधीचं होतं, फक्त कबूल करायचं नव्हतं. उठल्यावर तो मित्राच्या घरी जाऊन लपवलेलं ध्वनिमुद्रण यंत्र शोधून काढतो आणि त्याच दिवशी त्याचा निकाल लावतो. मासा गेला, पण त्यानं सांगितलेलं राहिलं. पुढं २००४ मध्ये याच मालिकेनं आणखी लांबलचक स्वप्न दाखवलं, त्यावर चाहत्यांमध्ये अजून भांडणं होतात. मला ते आवडतं, पण कंटाळणाऱ्यांचंही समजू शकते.

पावसाळ्यात 'पुरुषोत्तम' या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची धामधूम सुरू झाली की ओळखीची कॉलेजची मुलं एकांकिका वाचायला आणतात. शेवटी स्वप्न असलं की मी एकच विचारते: जागं झाल्यावर तो आधीपेक्षा वेगळं काय करतो? बऱ्याचदा 'घाम पुसतो' एवढंच उत्तर येतं.

संस्कृत नाटककार भासानं तर 'स्वप्नवासवदत्ता'त हे उलटंच करून ठेवलंय. उदयन राजाला वाटतं आपली राणी वासवदत्ता जळून मेली. तो झोपेत तिच्याशी बोलतो, ती खरोखरच शेजारी असते, उत्तरं देते, पलंगाखाली लोंबणारा त्याचा हात वर ठेवते आणि निघून जाते. तो जागा होऊन मागं धावतो तर विदूषक म्हणतो, स्वप्न पडलं असेल. फसलाय राजा, आपल्याला सगळं आधीपासून माहीत आहे. मालिकावाले नेमकं प्रेक्षकालाच अंधारात ठेवतात.

दिसण्याचाही एक भाग आहे. स्वप्न म्हटलं की धूर, पांढरे पडदे, घुमणारा आवाज. खऱ्या स्वप्नात आपल्याला काहीच विचित्र वाटत नाही. मेलेली आजी पीएमटीच्या बसमध्ये तिकीट काढत असते आणि आपण सुट्टे शोधत असतो. एवढं साधं कुणी दाखवत नाही.

आणि विनोदी मालिकेला हे सगळे नियम माफ. 'न्यूहार्ट' १९९० मध्ये संपली ती आठ सीझन स्वप्न ठरवूनच. नायक जागा होतो तो त्याच नटाच्या सत्तरच्या दशकातल्या जुन्या मालिकेच्या बेडरूममध्ये, शेजारी तिथलीच बायको. तो पलंग ओळखूनच स्टुडिओतल्या प्रेक्षकांनी टाळ्या पिटल्या. पुढं काही बघायचं उरलंच नव्हतं, मग चिडायचं कशाला?