इन्व्हर्टेजवरचा लेख का काढला गेला आणि आता काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावात एम.एस्सी. जीवरसायनशास्त्र करताय, विकिपीडियावर एक लेख लिहिणं हा वीस गुणांचा स्वाध्याय आहे. तुम्ही मराठी विकिपीडियावर इन्व्हर्टेज या विकराचा (एन्झाइमचा) लेख टाकला, त्यात प्रॅक्टिकलची स्वतःची आकडेवारी दिली आणि दोन दिवसांत 'प्रताधिकार भंग' (कॉपीराइटचं उल्लंघन) असं कारण देऊन तो काढला गेला. सर म्हणतात, दुसरा टाका. खानापूर तालुक्यात दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढचं सगळं इंग्रजीत, म्हणून मराठीत शास्त्र लिहायला हात अडखळतो.

मी निपाणीचा. तेरा वर्षं मराठी विकिपीडियावर शास्त्राचे लेख तपासतोय. तेवढ्यावरून सांगतो: दुसरा लेख टाकू नका. पूर्ण लेखाचा विचारच सध्या सोडा. तीन परिच्छेद लिहा, पण त्यातलं एकही वाक्य असं नको, की ज्याचा आधार तुम्ही स्वतः वाचलेला नाही.

प्रताधिकाराबद्दल आधी. पाठ्यपुस्तकातलं वाक्य इंग्रजीतून मराठीत आणलं की ते आपलं होतं, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची प्रामाणिक समजूत असते. तसं होत नाही. भाषांतराचा हक्कही मूळ लेखकाचाच असतो. विकिपीडियावर आपण जे लिहितो ते कुणीही वापरावं अशा मुक्त परवान्याखाली देतो, आणि जे आपलं नाही ते आपण दुसऱ्याला कसं देणार? २०११ मध्ये पुण्यात काही महाविद्यालयांना घेऊन असाच अभ्यासक्रमाचा प्रयोग झाला होता, इंग्रजी विकिपीडियावर. मुलांनी इतका उतरवलेला मजकूर चढवला की त्याच वर्षी तो गुंडाळावा लागला आणि निस्तरण्याचं काम स्वयंसेवकांच्या गळ्यात पडलं. आमच्या सीमाभागातल्या एका कॉलेजचंही मी पाहिलंय. सादरीकरणाच्या आदल्या रात्री तिसेक लेख चढले, त्यातल्या सात-आठांचं पहिलं वाक्य शब्द न् शब्द एकच. त्या मुलांचा मला राग आला नाही. वाईट वाटलं, कारण त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

आता तुमचं पहिलं वाक्य घेऊ. तुम्ही लिहिलं होतं, 'इन्व्हर्टेज हे एक विकर आहे जे सुक्रोजच्या हायड्रोलिसिसला उत्प्रेरित करते.' व्याकरणाचा दोष काढता येईल, पण खरी अडचण वेगळी आहे. यातून काय होतं ते डोळ्यांपुढे येत नाही. हेच असं लिहून बघा: 'साखरेच्या रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकांना जोडलेले असतात. पाण्याच्या मदतीने हा जोड तोडण्याचे काम इन्व्हर्टेज करते.' पुढचं वाक्य मग आपोआप सुचतं, की हे नाव का पडलं. साखरेचं द्रावण ध्रुवित प्रकाशाची (एकाच पातळीत कंप पावणाऱ्या प्रकाशाची) पातळी उजवीकडे वळवतं; हे वळणं मोजणारं विशिष्ट वलन +६६.५ अंश. जोड तुटला की ग्लुकोज उजवीकडेच वळवतो (+५२.७), पण फ्रुक्टोज त्याहून जोरात डावीकडे (−९२), म्हणून मिश्रण एकूण डावीकडे जातं. दिशा उलटली, म्हणून 'इन्व्हर्ट'. हे तुम्हाला परीक्षेसाठी पाठ असणार, तरी लेखात नव्हतं. जे समजलंय ते लिहिलंच नाही आणि जे नुसतं उतरवलं तेवढंच राहिलं.

विषय मात्र तुम्ही फार चांगला निवडलाय, तो सोडू नका. चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक हा सगळा उसाचा पट्टा. कारखान्याच्या वजनकाट्यापुढे ट्रॉल्यांची रांग लागली आणि तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचं प्रमाण) घटतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत असतं. त्यामागे इन्व्हर्टेज आहे. तोडलेल्या उसातलं हे विकर साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोज करत राहतं, त्यात जंतूंची भर पडते, आणि त्या साखरेचे दाणे पडत नाहीत. हा परिच्छेद मराठीत नीट लिहिलात तर तो परीक्षकापलीकडेही वाचला जाईल. फक्त त्याला ऊस संशोधनावरचा आढावा-लेख आधाराला द्या, 'आमच्याकडे म्हणतात' एवढ्यावर भागणार नाही.

आकडेवारीचं काय, हे तुम्ही कळकळीनं विचारलंय. तुम्ही सुटलेली साखर डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाच्या) पद्धतीनं मोजलीत. पिवळं अभिकर्मक, पाच मिनिटं उकळत्या पाण्यात, आणि विकर घातलेल्या ट्यूबा नारिंगी-लाल होत गेल्या. नुसत्या साखरेची ट्यूब पिवळीच राहिली, कारण अख्खी साखर क्षपणकारक नसते, म्हणजे या अभिकर्मकाचा रंग बदलत नाही. ५४० नॅनोमीटरला वाचन घेतलंत. काम उत्तम आहे, तरीही ते आकडे लेखात जाणार नाहीत. विश्वकोशात आधी कुठे तरी तपासून छापलेलंच लिहायचं असतं, स्वतःचं संशोधन तिथे पहिल्यांदा मांडायचं नसतं. तुमच्या ट्यूबांचा फोटो मात्र चालतो. तो तुम्ही काढलेला आहे, तुमच्या हक्काचा आहे, कॉमन्सवर (विकिपीडियाच्या चित्रसंग्रहावर) मुक्त परवान्याखाली चढवा आणि लेखात लावा.

संदर्भांसाठी पबमेडवर (जीवशास्त्र-वैद्यक निबंधांच्या सूचीवर) शोधताना 'रिव्ह्यू'ची गाळणी लावा, आणि पूर्ण मजकूर फुकट मिळतो तेच निबंध आधी बघा. एकेका प्रयोगाच्या निबंधापेक्षा आढावा बरा, विशेषतः आरोग्याशी संबंध आला तर. न वाचलेलं जोडू नका. मायकेलिस आणि मेंटेन यांनी १९१३ मध्ये विकरांच्या वेगाचं जे समीकरण मांडलं, ते याच इन्व्हर्टेजवरच्या प्रयोगांतून, आणि तुमच्या लेखात ते यायलाच हवं. पण मूळ निबंध जर्मन आहे. तुम्ही तो संदर्भात टाकला होतात. त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर २०११ मध्ये प्रसिद्ध झालंय, ते वाचा आणि त्याचाच संदर्भ द्या. एआयकडून संदर्भांची यादी घेतली असेल तर प्रत्येक डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडून बघा. भलताच निबंध निघतो किंवा काहीच निघत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय.

शब्दांबद्दल एक सांभाळा. कन्नडमध्ये एन्झाइमला 'किण्व' म्हणतात, आणि मराठीत 'किण्वन' म्हणजे आंबवणं. दोन्ही भाषा कानावर असलेल्या आपल्या मुलांची इथे गफलत होते. 'विकर' लिहा, पहिल्यांदा 'विकर म्हणजे एन्झाइम' असं सांगा, पुढे एकच शब्द धरा. सुक्रोज, ग्लुकोज यांना ओढूनताणून संस्कृत नावं शोधू नका. वर्गातल्या ज्या मैत्रिणीला कन्नड सोपं जातं तिनं कन्नड विकिपीडियावर लिहावं, दोन्ही लेख विकिडेटावरून (विकिपीडियाच्या सामायिक माहितीकोशावरून) जोडता येतात. आणि प्रत्येकानं विकरच घ्यायला हवं असंही नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा बाई म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला होता. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी., वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी या प्रथिनावरचं काम, नंतर नीरेवरचं संशोधन. त्यांच्यावरचा लेख कुणी मनापासून वाढवला तर मला फार आनंद होईल.

सरांना माझा निरोप द्या. लेख टिकला की नाही यावर गुण ठेवू नका. विद्यार्थ्याच्या हातात नसलेली ती गोष्ट आहे, आणि त्या भीतीपोटीच उतरवणं सुरू होतं. पानाचा इतिहास उघडला की कोणी कोणत्या दिवशी कोणतं वाक्य घातलं, का बदललं, सगळं दिसतं. गुण त्याला द्या. चर्चा पानावर आलेल्या शंकेला विद्यार्थ्यानं काय उत्तर दिलं, त्यालाही द्या. सगळ्यांनी आपापली खाती आधीच घरून उघडून यावं; एकाच जोडणीवरून एका दिवसात मोजकीच खाती उघडता येतात आणि लॅबमध्ये अर्धा वर्ग अडकून बसतो.

तुम्ही आज एवढंच करा. तुमच्या धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर) वरची दोन वाक्यं तुमच्या शब्दांत, नावाची गोष्ट आणि उसाचा परिच्छेद लिहा, प्रत्येक वाक्यामागे लगेच संदर्भ. मग दुवा इथे द्या, मी रविवारी सकाळी वाचतो आणि चर्चा पानावर ओळीगणिक लिहितो. ट्यूबांचा फोटो पुन्हा काढणार असाल तर मागे पांढरा कागद धरा, पिवळी ट्यूब डाव्या टोकाला ठेवा, आणि लेबलवरचं कॉलेजचं नाव आणि हजेरी क्रमांक झाकून घ्या.