1.5 सीसी डिझेलच्या छोट्या कंट्रोल लाइन विमानाला 15.92 मीटरच तार लागते का?

नाही लागत. 12 ते 13 मीटर घ्या आणि उडवा. (नवीन माणसासाठी: कंट्रोल लाइन म्हणजे दोन स्टीलच्या तारांनी हँडलला जोडलेलं मॉडेल विमान, मधे उभं राहून आपल्याभोवती गोल उडवायचं.)

खरं तर उत्तर इथंच संपलं, पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय की मामांच्या ट्रंकेत जुनं 1.5 सीसी डिझेल इंजिन सापडलं, त्यावर साधं प्रोफाइल ट्रेनर (सपाट फळीच्या धडाचं शिकाऊ विमान) बांधलं, साडेचारशे ग्रॅम भरलं, आणि ग्राउंडवरचे एक सीनियर म्हणाले की तार 15.92 चीच घ्या, इंटरनॅशनल स्टँडर्ड आहे. हा आकडा वाचला आणि माझं डोकं सटकलं. भाऊ, या 15.92 नं माझी अख्खी कॉलेजची वर्षं खाल्ली आहेत, त्यामुळे आता जरा लांबण लागणार, इलाज नाही.

नागपूरची गोष्ट. मी एनसीसी एअर विंगला होतो, तिथं एरोमॉडेलिंगचा किडा चावला आणि मग रविवारी सकाळी एका हौशी मंडळाच्या ग्राउंडवर जायला लागलो. तिथं एक सर होते. माणूस हाताचा कसबी, बाल्साची रिब ब्लेडनं अशी कापायचे की सँडपेपर लावायची गरज पडायची नाही, हे मान्यच करायला पाहिजे. पण डोक्यात एकदा जे बसलं ते बसलं. त्यांनी ग्राउंडच्या कडेला दोन लोखंडी खुंट्या ठोकलेल्या होत्या, टेप लावून बरोब्बर 15.92 मीटर अंतरावर. उडवायच्या आधी प्रत्येकानं आपली तार खुंटीला खुंटी लावून दाखवायची. कमी भरली की त्या दिवशी तुम्ही फक्त दुसऱ्याचं विमान धरायला. कोणाचं इंजिन केवढं, विमान किती ग्रॅमचं, पोरगा नवीन की जुना, काही संबंध नाही, सगळ्यांना एकच माप.

माझं विमान तुमच्यासारखंच होतं, 1.5 सीसी, साडेचारशेच्या आसपास वजन. सपाट फेऱ्यांना ठीक चालायचं. पण जरा वारा सुटला की वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे जिकडून वारा येतो तिकडं गेल्यावर तार ढिली पडायची. ज्यांनी उडवलंय त्यांना माहितीये, त्या बाजूला वारा विमानाला तुमच्याच अंगावर ढकलत असतो, आणि तार ढिली म्हणजे एलेव्हेटर (विमान वरखाली नेणारी शेपटीची फळी) मेला, हँडल वर करा नाहीतर खाली करा, विमानाला काही कळत नाही. मग आपण मागे मागे पळत सुटायचं, ताण येईपर्यंत. सर कडेवरून ओरडायचे, "पळतो काय बे, मनगट वापर मनगट!" आता तारेतच जीव नाही तर मनगटानं काय दिवे लावायचे?

सरांचं म्हणणं असं की शिकाऊ माणसाला लांब तार बरी, फेरी मोठी होते, विचार करायला वेळ मिळतो. ऐकायला बरोबर वाटतं. पण तारेतला ताण येतो कुठून ते बघा. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, गुणिले वस्तुमान, बारावीचं फिजिक्स आहे, नवीन काही नाही. 65 किमीच्या वेगानं म्हणजे सेकंदाला 18 मीटरनं जाणारं साडेचारशे ग्रॅमचं विमान 15.92 वर साधारण साडेनऊशे ग्रॅमनं ओढतं. तेच 13 मीटरवर आणलं की एवढ्याच वेगाला अकराशेच्या वर जातं. आणि वेग एवढाच राहतच नाही, वाढतो, कारण तारेचा स्वतःचा अडथळा कमी होतो. हा अडथळा लोक धरतच नाहीत. 0.3 मिमीच्या दोन तारा, प्रत्येकी 15.92 मीटर, यांचं हवेला आडवं येणारं क्षेत्रफळ होतं जवळजवळ 95 चौरस सेंटिमीटर. तार हँडलपाशी जवळपास थांबलेली आणि विमानापाशी पूर्ण वेगात, म्हणून हिशोबाला त्यातला चौथा भाग धरायचा. म्हणजे विमानाच्या मागे 5 बाय 5 सेंटिमीटरची पाटी हवेला आडवी बांधून उडवल्यासारखं झालं. 2.5 सीसीचं दणकट इंजिन ती पाटी ओढून नेतं, त्याला काही वाटत नाही. 1.5 च्या जुन्या डिझेलला वाटतं.

त्यात नागपूरचा मे. 42 डिग्रीची हवा 15 डिग्रीच्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी विरळ असते, इंजिनाचा दम तिथंच कमी होतो. आणि डिझेलच्या मिक्समध्ये ईथर एक भाग, रॉकेल एक भाग, एरंडेल एक भाग, त्यातलं ईथर उकळतं 35 डिग्रीच्या आतबाहेर. म्हणजे झाकण नीट लागलं नसेल तर तुमचं ईथर इंजिनात जायच्या आधी हवेत गेलं. आम्ही बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळून झाडाच्या बुंध्याशी ठेवायचो, तरी दहा वाजून गेले की इंजिन धरायला कुरकुर करायचं, कॉम्प्रेशनचा स्क्रू पिळत बसायचा. अशा इंजिनाला सर 15.92 च्या तारा ओढायला लावत होते.

शेवटी मी आणि माझ्या मित्रानं ठरवलं की तोंडानं भांडण्यात अर्थ नाही, मोजून दाखवू. मोजायचं कशानं? गल्लीतल्या रद्दीवाल्याकडचा स्प्रिंगचा काटा मागून आणला, तो हातात धरायचा, खाली हुक, वर कडी. हँडलच्या मधोमध मागच्या बाजूला सुतळीची गाठ मारली, गाठीत काट्याचा हुक, काट्याची कडी माझ्या डाव्या हातात. म्हणजे ताण सगळा डाव्या हातावर आणि उजव्या हातानं हँडल फक्त वरखाली झुकवायचं. मित्र माझ्या कमरेपाशी वाकून, काट्याच्या तोंडाशी तोंड, माझ्यासोबत गोल गोल फिरत आकडे ओरडायचा. बघणारे हसून लोळत होते. काटा काही एका जागी थांबत नाही, वाऱ्याप्रमाणे हलतो, पण मधला आकडा कळतो. लांब तारेवर किलोच्या जरा आत, आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला तर पार अर्ध्या किलोच्या खाली. मग खुंट्यांकडे न बघता 13 मीटरची जोडी लावली. सव्वा किलो, आणि वरच्या बाजूलाही ताण टिकून. फेरी आधी साडेपाच सेकंदाला व्हायची ती सव्वाचारला यायला लागली, म्हणजे गरगरण्याइतकी काही फास्ट नाही.

सरांनी सगळं बघितलं. म्हणाले, "काटा रद्दीवाल्याचा आहे."

म्हटलं सर, काटा खोटा असेल तर दोन्ही वेळेला सारखाच खोटा असेल ना. त्यावर उत्तर नाही. "उडव तुझ्या जबाबदारीवर" म्हणाले आणि दुसऱ्या पोराची तार मोजायला गेले.

आता 15.92 आला कुठून ते ऐका, कारण तुमच्या सीनियरांनाही हे विचारून बघायला हरकत नाही. 2 गुणिले 3.1416 गुणिले 15.92, उत्तर येतं 100.03. एक फेरी म्हणजे 100 मीटर. दहा फेऱ्या म्हणजे किलोमीटर. टीम रेसमध्ये, म्हणजे विमानांच्या शर्यतीत, 100 फेऱ्या झाल्या की 10 किलोमीटर, फायनलला 200 फेऱ्या म्हणजे 20. मोजणाऱ्याची सोय, बाकी काही नाही! स्पीडच्या एफ-टू-ए वर्गाची तार 17.69 मीटर असते, तिच्यावर 9 फेऱ्या म्हणजे 1 किलोमीटर, तोच प्रकार. ज्या प्रकारात विमान चांगलं उडवण्याला मार्क असतात, म्हणजे एफ-टू-बी एरोबॅटिक्स, तिथं एफएआयनं, म्हणजे हवाई खेळांच्या जागतिक संघटनेनं, एकच लांबी धरून ठेवलेली नाही, 15 ते 21.5 मीटरमध्ये तुमच्या विमानाला जे मानवेल ते घ्या म्हणतात. म्हणजे ज्यांच्या नावानं सर आम्हाला दटावत होते त्यांनीच मोकळीक दिलेली.

मी हा हिशोब वहीवर मांडून सरांना नेऊन दाखवला. सरांनी चष्मा लावून नीट वाचला आणि म्हणाले, "बघ, किती विचार करून ठरवलंय त्यांनी!" आता बोला.

आणि अजून एक, हे तर मला फार नंतर कळलं आणि तेव्हा सर गाव सोडून गेले होते, नाहीतर मुद्दाम जाऊन सांगितलं असतं. नियमात लांबी मोजतात ती हँडलच्या मुठीपासून प्रॉपच्या (पंख्याच्या) मध्यरेषेपर्यंत. सर मोजायचे नुसती तार, खुंटी ते खुंटी. त्याच्यापुढे विंगमधून बाहेर आलेले लीडआउट, इकडे हँडलच्या वायरी आणि क्लिपा, हे सगळं धरलं तर आमची त्रिज्या साडेसोळाच्या आसपास जात होती. म्हणजे ज्या स्टँडर्डसाठी एवढा जीव काढला ते स्टँडर्डही नव्हतंच ते.

असो. तुमच्या कामाचं सांगतो. लांबीवर भांडण्यापेक्षा फेरीचा वेळ मोजा, मोबाइलवर स्टॉपवॉच असतंच, दुसऱ्या कोणाला तरी मोजायला सांगा, दहा फेऱ्या मोजून भागाकार करा. शिकताना चार ते साडेपाच सेकंद बरे. तीनच्या खाली गेलं की चक्कर येते आणि हात उशिरा चालतो. साडेपाचच्या वर गेलं आणि वाऱ्यात तार लोंबायला लागली की तार कमी करा, मीटरभर कापून बघा. सुरुवात 13 नं करा, कारण कापता येते पण कापलेली तार जोडून उडवायची नाही, गाठ मारून तर अजिबात नाही, नवीन जोडी करायची. दोन्ही तारा एकाच वेळी, एकाच खिळ्याला अडकवून, सारख्या ओढून मापा. न्यूट्रलला, म्हणजे विमान सरळ चालताना, दोन्हीत अर्धा सेंटिमीटर फरक असला तरी हँडल वाकडं धरावं लागतं आणि तुम्हाला वाटेल विमानच खराब आहे.

लूप मारायचे असतील तर आणखी एक हिशोब. विमान बरोबर डोक्यावर असताना तार ताठ राहायला 13 मीटरवर कमीत कमी 41 किमीच्या आसपास वेग लागतो, 15.92 वर 45. फरक थोडा दिसतो, पण वर चढताना वेग पडतोच, आणि छोट्या इंजिनाला हे चार किमीच महाग पडतात.

मित्राच्या कॉक्स 049 चं विचारलंय, ते 0.8 सीसीचं छोटं ग्लो इंजिन असतं, त्याला 8 ते 10 मीटर पुरे, विमान अगदी हलकं असेल आणि वारा नसेल तर 11. त्याला 0.2 मिमीची तार चालते, जाड तार लावलीत तर वर सांगितलेली पाटीची गोष्ट तिथं दुप्पट लागू. ग्लो इंजिनाचं बाकी मी फारसं सांगणार नाही, माझा जीव डिझेलमध्ये.

आता सर अगदीच चूक होते असंही नाही हां. 2.5 सीसी असेल, विमान सातशेच्या वर असेल, वेग 80-90 असेल तर 15-16 मीटरच बरी, तिथं आखूड तार घेतली तर हात उखडून निघतो आणि फेरी साडेतीन सेकंदांत संपते. 35 साइझच्या, म्हणजे पावणेसहा सीसीच्या मोठ्या स्टंट विमानांना तर 18-19 मीटर लागतेच. माझं भांडण एकच माप सगळ्यांना लावण्याशी आहे.

राहिलेलं, जे खरं तर वरती लिहायला पाहिजे होतं: ग्राउंडच्या आसपास विजेच्या तारा असतील तर तिथं उडवूच नका. तार आखूड आहे म्हणून पोचणार नाही असला हिशोब करायचा नाही, विमान सुटलं तर मागे स्टीलच्या तारा घेऊनच जातं, आणि हातात हँडल असताना लागली तर माणूस जातो. उडवायच्या आधी दर वेळी ओढून बघा, विमानाच्या वजनाच्या दहापट ताण, म्हणजे तुमच्या विमानाला साडेचार किलो, दोन्ही तारा एकदम, हँडलपासून बेलक्रँकपर्यंत (विमानातली, तारा जिला जोडतात ती पट्टी) सगळं त्यात तपासलं जातं. कुठं मुरड पडलेली दिसली की ती जोडी बाद. मासे पकडायची नायलॉनची दोरी स्वस्त मिळते म्हणून लावू नका, ती ताणते, तुम्ही हँडल हलवता आणि अर्धी हालचाल दोरीतच जिरते. हँडलची दोरी मनगटात अडकवायची. आणि ईथरच्या बाटलीजवळ बिडी ओढणारा काका असतोच प्रत्येक ग्राउंडवर, त्याला आधी लांब बसवा.

इंजिनावर काही नाव किंवा नंबर कोरलेला असेल तर कमेंटमध्ये टाका, आणि प्रॉप कोणता लावलाय तेही. ट्रंकेत इतकी वर्षं पडलेलं असेल तर आतलं एरंडेल चिकटून बसलेलं असणार, जोर लावून फिरवू नका, रॉकेलमध्ये रात्रभर ठेवा आधी.